मुलगी अकरावीत जातेय: लातूरला पाठवू की गावातच ठेवू?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मुलीला दहावीत राज्य मंडळातून ९१ टक्के मिळाले. तुम्ही तालुक्याच्या गावी राहता, प्रवर्ग ओबीसी. मुलगी डॉक्टर नाहीतर इंजिनीअर, ‘बघू’ म्हणते. मेहुणे म्हणतात लातूरला इंटिग्रेटेडला, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असतात तिथे टाका, शेजारचे म्हणतात थेट राजस्थानात कोटा शहरी. कुठे टाकू, असं तुम्ही विचारताय. आणि जाता जाता एक ओळ, तिला आता मोबाईल घेऊन द्यावा का.

मी २६ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवलं. त्यातले अकरा पावसाळे मुलांचे कॅपचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे अर्ज भरण्यात आणि सुविधा केंद्राच्या बाकड्यांवर त्यांच्यासोबत बसण्यात गेले. जात पडताळणीचे अर्ज कॉलेजातून जातात, ते कामही माझ्याकडेच होतं. त्या बाकड्यांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुलाला मार्क होते, तरी जागा हुकली. का, तर दोन वर्षांपूर्वी, दहावीच्या निकालाच्या गडबडीत, घरच्यांनी फक्त क्लासचा विचार केला होता. म्हणून गावाचं नाव सांगण्याआधी तुमच्या एका प्रश्नाचे मी तीन करतो: विषय कोणते घ्यायचे, बारावी कुठल्या गावातून पास व्हायची, आणि कागदपत्रं केव्हा काढायची. क्लास या तिन्हींच्या नंतर येतो.

काही गोष्टी तुम्हालाच ठाऊक, मला नाहीत. मुलगी घराबाहेर राहिलेली आहे का, तिची तब्येत कशी, तुमच्या गावातल्या कॉलेजात फिजिक्स-मॅथ्सचे शिक्षक खरोखर तास घेतात की फळ्यावर तारीखच बदलते, आणि दोन वर्षांचा खर्च कर्ज न काढता झेपेल का. ही उत्तरं बदलली की माझा सल्लाही बदलेल.

आधी विषय. मुलीचं ‘बघू’ ऐकून तुम्ही वैतागला असाल, पण पंधराव्या वर्षी ते प्रामाणिक उत्तर आहे. तिला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो हे चारही विषय घेऊ द्या. प्रवेशाच्या वेळी कॉलेजवाले बायफोकलचा विषय सुचवतील, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स. विषय चांगले आहेत, मार्कही मिळतात. पण ते घेतले की बहुतेक ठिकाणी बायोला जागा उरत नाही. तुमच्या घरात अजून ठरलेलं नाही, तेव्हा ते टाळा.

ठरवायचं केव्हा? माझ्या मते अकरावीच्या दिवाळीत, त्याच्या फार पुढे नको. कारण साधा हिशेब आहे. इंजिनीअरिंगच्या एमएचटी-सीईटीला २०० गुण, त्यातले १०० एकट्या मॅथ्सचे. मेडिकलच्या नीटला ७२० गुण, त्यातले ३६० एकट्या बायोचे. म्हणजे एका परीक्षेचा निम्मा पेपर मॅथ्स आणि दुसरीचा निम्मा पेपर बायो. दोन्ही निम्म्या बाजू दोन वर्षं सारख्याच जोराने ओढणारी मुलं मी पाहिली आहेत, वर्गात एखादं असतं. बाकीच्यांची दोन्हीकडे ओढाताण होते.

दिवाळीत तिला ‘तुला काय व्हायचंय’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला मुलं मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात. त्याऐवजी बघा, कोणी न सांगता ती आधी कुठली वही उघडते. मॅथ्सचं गणित अडलं की चिडून पुन्हा बसते का? बायोची आकृती झोपायच्या आधी काढून ठेवते का? वर्गात मी याच खुणांवरून मुलं ओळखायचो आणि फारसा चुकलो नाही. ठरलं की दुसरा विषय सोडू नये, बोर्डात पास होण्यापुरता चालू ठेवावा. औषधनिर्माणशास्त्राला आणि कृषीला मॅथ्स किंवा बायो, दोन्हीपैकी कुठलाही गट चालतो. बी.आर्क.चं मनात आलं तर मात्र मॅथ्स लागतंच.

आता गाव. बारावी कुठून पास झाली याला आपल्याकडे कायदेशीर वजन आहे, हे बऱ्याच पालकांना अर्ज भरताना पहिल्यांदा कळतं.

कोटा शहराचं आधी सांगतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी, अखिल भारतीय वाट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायला, काही अपवाद वगळता, डोमिसाईल तर लागतंच, वर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास झालेली असावी लागते. मुलगी कोट्याला गेली आणि तिथल्याच शाळेतून बारावी झाली, तर ती त्या ८५ टक्क्यांबाहेर पडते. इंजिनीअरिंगला आईवडिलांच्या डोमिसाईलवर वाट निघते, मेडिकलला तशी निघत नाही. एनआयटीचं, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांचंही असंच. तिथल्या निम्म्या जागा त्याच राज्यातल्या मुलांना असतात, आणि ‘राज्य’ ठरतं बारावी जिथून पास झाली त्यावरून. राजस्थानातून बारावी केलेली मराठी मुलगी नागपूरच्या व्हीएनआयटीला परराज्याची धरली जाते. शेजाऱ्यांना हे ठाऊक नसेल, त्यांचा दोष नाही. कोट्याला जायचंच असेल तर बारावीची नोंदणी महाराष्ट्रातल्या कॉलेजात ठेवून जाणारे आहेत. पण मग हजेरीचा प्रश्न येतो, त्याकडे वळतोच.

लातूर महाराष्ट्रातच आहे, त्यामुळे मेडिकलला काही बिघडत नाही. इंजिनीअरिंगला मात्र एक बारीक मुद्दा आहे, होम युनिव्हर्सिटी. बहुसंख्य इंजिनीअरिंग कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतून बारावी झालेल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. लातुरातून बारावी केली की होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होतं. तुम्ही पुणे किंवा नाशिक जिल्ह्यातले असाल आणि तिला पुढे पुण्यातच शिकायचं असेल, तर तिथल्या बऱ्याच कॉलेजांत ती ३० टक्क्यांच्या रांगेत उभी राहील. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी राज्यस्तरीय जागा असल्याने तिथे हा फरक पडत नाही. हे वाचून लातूर रद्द करा असं मी म्हणत नाही. नीटचं ठरलं तर हा मुद्दा उरतच नाही. इंजिनीअरिंगकडे कल असेल तर मात्र तो मोजून घ्या.

इंटिग्रेटेड म्हणजे काय, तेही सरळ सांगतो. कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली, किंवा नाव कॉलेजात आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. पहिला प्रकार चांगला चालू शकतो. दुसऱ्या प्रकारात प्रॅक्टिकल होतच नाहीत, जर्नल एका रात्रीत लिहून होतं आणि ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावर पाळला जातो. तपासणी आली की धावपळ मुलांची होते, क्लासवाल्यांची नाही. मी फिजिक्सचा माणूस, त्यामुळे माझा पूर्वग्रह धरून वाचा: ज्या मुलाने व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन हातात धरलेलं नाही, तो लीस्ट काउंटच्या (सगळ्यात लहान मापाच्या) प्रश्नाला सूत्र आठवत बसतो. धरलेला मुलगा पाच सेकंदात उत्तर देतो.

‘बोर्डाला आता कोण विचारतं’ असं क्लासवाले सांगतील. निम्मं खरं आहे. सीईटीने प्रवेश मिळतो तिथे बोर्डाचे गुण पात्रतेपुरते: ठरलेल्या तीन विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. पण आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के तरी हवेत किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये यावं लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला ३०-३० आणि मॅथ्सला २० गुण प्रॅक्टिकल-अंतर्गतचे असतात. तेही दुसऱ्याच्या भरवशावर ठेवू नका.

मग माझं मत? तुमच्या गावात किंवा रोज जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरावर खरंच तास होणारं कॉलेज असेल, तर अकरावी तिथेच. सोबत एखादा स्थानिक क्लास किंवा ऑनलाइन व्याख्यानं. मुलीचं नीट पक्कं असेल, ती स्वतः जायला उत्सुक असेल आणि पैसे बाजूला काढलेले असतील, तर लातूर जरूर. पण जाण्याआधी तिथे दोन दिवस राहून या. क्लासच्या दारावरचे फोटो पाहू नका. संध्याकाळी मेसच्या बाहेर उभ्या असलेल्या, शेवटच्या तुकडीतल्या मुलांना विचारा, शंका विचारायला शिक्षक भेटतात का. पहिल्या तुकडीतली मुलं कुठेही चमकली असती. तुमची मुलगी कुठल्या तुकडीत पडेल हे आज कोणीच सांगू शकत नाही.

अभ्यासाबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. अकरावीत सुटका नाही. सीईटीला अकरावीचा भाग २० टक्के, म्हणजे विषयाच्या ५० प्रश्नांतले दहा. त्यामुळे ‘अकरावी ढकला, बारावीत बघू’ हा सल्ला जन्माला आला. नीट आणि जेईईला (आयआयटी-एनआयटीची प्रवेश परीक्षा) दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण असतो. शिवाय बलाचे नियम आणि व्हेक्टर कच्चे राहिले, तर बारावीचं मॅग्नेटिझम समजतच नाही, हे मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलंय.

दुसरं, वेग. जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला जवळपास अडीच मिनिटं. नीटला तीन तासांत १८० प्रश्न, प्रश्नाला एक मिनिट. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे मिनिटभरही नाही, आणि पुढच्या ९० मिनिटांत मॅथ्सचे ५०. नीट-जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. ज्ञान तेच, पण धावणं वेगळं. म्हणून जेईईची चांगली तयारी झालेली मुलंही सीईटीत मागे पडतात. अवघड गणित आलं की ती त्याच्याशी झुंजत बसतात आणि शेवटचे पंधरा प्रश्न न वाचताच वेळ संपते. बोर्ड संपल्यापासून सीईटीपर्यंतचे आठवडे फक्त घड्याळ लावून पेपर सोडवण्यात घालवावेत. पुस्तकांचं म्हणाल, तर नीट-जेईईला एनसीईआरटी, सीईटीला राज्य मंडळाचं पाठ्यपुस्तक, आणि त्यातली सोडवलेली उदाहरणंसुद्धा.

इथवरचं थोडक्यात: चारही विषय घ्या, दिवाळीत कल बघा, बारावी महाराष्ट्रातूनच, आणि लातूरचा निर्णय नीटचं पक्कं होण्याशी जोडा. आता तुम्ही न विचारलेला प्रश्न, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

कागद. मुलीने अभ्यास करायचा, हे काम तुमचं. आणि ते याच वर्षी सुरू करायचं.

सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आपण व्हॅलिडिटी म्हणतो ते. जातीचा दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर दोन्ही लागतात. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांना हा अर्ज कॉलेजमार्फत, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याने जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे करता येतो. ओबीसीसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. त्याच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला जातीची नोंद असलेला पुरावा हवा. एससीला हाच दिनांक १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१. तुमच्या वडिलांचा किंवा चुलत्यांचा शाळेचा दाखला मिळाला तर उत्तम. ते शाळेतच गेले नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद काढावी लागते. जुन्या नोंदी मोडी लिपीत निघाल्या तर त्या वाचून लिप्यंतर करून देणारा शोधावा लागतो. सोबत वंशावळीचं शपथपत्र. तुमच्या सख्ख्या भावाच्या मुलाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर तिची प्रत जोडा, अर्धी वाट सरली.

माझ्याच एका विद्यार्थ्याचं सांगतो. सीईटीला ९८ पर्सेंटाईलच्या पुढे. आजोबांच्या दाखल्यावर आडनाव एक आणि मुलाच्या कागदांवर दुसरं, गावाच्या नावावरून पडलेलं. समितीने त्रुटी काढली, जी काढणं योग्यच होतं. पण अर्जच बारावीच्या निकालानंतर केला होता. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही, त्याचा अर्ज खुल्या गटात गेला, आणि हवी ती शाखा मिळाली नाही. वडील मला म्हणाले, ‘सर, दोन वर्षं क्लासची फी भरली, हे कोणी बोललंच नाही.’ मीही बोललो नव्हतो. त्यानंतर दर वर्षी अकरावीच्या पहिल्या पालकसभेत मी फिजिक्सबद्दल कमी आणि कोतवाल बुकाबद्दल जास्त बोलत आलो. अर्ज केल्याच्या पावतीवर निभावतं असं लोक सांगतात. काही वर्षी तशी मुदत दिलीही गेली. तिच्यावर विसंबू नका.

दुसरा कागद नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे तुम्ही ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही याचा दाखला. तो मुदतीचा असतो, म्हणून आता काढून उपयोग नाही, पण गणित समजून ठेवा. राज्याच्या प्रवेशाला तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. २०२८च्या पावसाळ्यात प्रवेश असेल, तर ३१ मार्च २०२९. आयआयटी-एनआयटीला मात्र केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, आणि तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. राज्याचा कागद तिथे चालत नाही. राज्याच्या ओबीसी यादीतली जात केंद्राच्या यादीतही आहे ना, हे एकदा बघून ठेवा.

उरलेले कागद सोपे आहेत: डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं. सगळ्या कागदांवर तिचं, तुमचं आणि आईचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच हवं, एका अक्षराचाही फरक नको. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

उत्पन्नाच्या दाखल्याचं महत्त्व फीमुळे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर हे आठवा. खेरीज टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण फी माफीच्या वेगळ्या जागा असतात. त्यांचा पर्याय अर्जात स्वतंत्र कोड टाकून भरावा लागतो, आपोआप मिळत नाही.

एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीची इंजिनीअरिंगची कटऑफ यादी असते, ती उतरवून मुलीसोबत चाळा. सुरुवातीला गोंधळायला होतं. तिच्या कामाचा रकाना ‘एल-ओबीसी-एच’: एल म्हणजे मुलींची जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. त्याच्या शेवटी एच ऐवजी ओ असेल तर ती बाहेरच्या विद्यापीठातल्या मुलींची. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, लातूर-पुणे मुद्दा किती मोठा किंवा किती किरकोळ आहे ते तुमच्याच डोळ्यांना दिसेल. आणि लक्षात घ्या, ते आकडे पर्सेंटाईलचे आहेत, टक्क्यांचे नाहीत. ९० पर्सेंटाईल म्हणजे त्या मुलाच्या बरोबरीने किंवा मागे ९० टक्के मुलं आहेत, त्याला १०० पैकी ९० गुण पडले असं नाही.

आता मोबाईल. घ्यावा की नाही ते तुमच्या घराने ठरवावं. ऑनलाइन व्याख्यानं बघायची तर काहीतरी लागेलच, आणि रात्री दहानंतर तो तुमच्या उशाशी राहिला तर बरं. माझी विनंती नंबरापुरती आहे. अकरावीच्या अर्जापासून नीटपर्यंत प्रत्येक नोंदणीला एक मोबाईल नंबर आणि एक ई-मेल लागतो, आणि ओटीपी त्यावरच येतो. गावाकडे सर्रास सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकतात, कारण अर्ज तोच भरतो. मग ऑगस्टमध्ये पर्याय भरायच्या शेवटच्या दिवशी तो लग्नाला परगावी गेलेला असतो आणि त्याचा फोन लागत नाही. तेव्हा तिच्या नावाचा एक ई-मेल आज उघडा, पासवर्ड वहीत लिहा, आणि नंबर तुमचा टाका, जो पुढची दोन वर्षं तुम्ही बदलणार नाही.